काय करणार, आणि पैसे कोण देणार?

सकाळी ७

मे महिन्यात जामसंडं उजाडायच्या आधीच कामाला लागलेलं असतं. आंब्याच्या पेट्या भरलेले टेम्पो नांदगाव तिठ्याकडे सुटतात, बंदरावरून आलेल्या मासळीवाल्या रिक्षा शोधत असतात. माझं दुकान साडेआठला उघडतं, पण फोन सातलाच सुरू होतो. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. पोरं झोपवून, भांडी आवरून लेकी मोकळ्या होतात आणि त्यांना आईच्या व्हिसाची आठवण होते. दुबईवाले कामावर निघण्याआधी बोलून घेतात. लंडनमध्ये अजून मध्यरात्र, त्यामुळे त्यांची पाळी दुपारनंतर.

दुकानाच्या बोर्डावर झेरॉक्स, सातबारा, पॅन कार्ड, रेल्वे तिकीट, पासपोर्ट अशी उतरंड आहे आणि सगळ्यात खाली, मागाहून रंगवलेली ओळ: व्हिसा फॉर्म भरून मिळतील. 'मिळतील' हा शब्द फॉर्मला लागू आहे, व्हिसाला नाही, हे मला रोज कुणाला तरी समजावावं लागतं.

आजचा पहिला फोन अमेरिकेतल्या एका माहेरवाशिणीचा. "तात्या, आई आज येईल तुमच्याकडे. हल्ली दहा वर्षांचाच मिळतो ना?"

"मिळलो तर दहा वर्षांचो मिळतलो गो. पण एका खेपेक किती दिस रवाचा, ता थयल्या विमानतळावरचो सायब ठरवतलो."

सगळ्यांचा पहिला प्रश्न दिवसांचाच असतो. तीस दिवस, नव्वद दिवस, सहा महिने. फॉर्मवर मात्र दिवसांचा रकाना एकच असतो. बाकीची पानं फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतात: तिथं जाऊन काय करणार, आणि पैसे कोण देणार? माझा सगळा दिवस या दोन प्रश्नांची उत्तरं लोकांच्या तोंडून काढण्यात जातो.

सकाळी ८.३०

शटर वर करतो न करतो तोच कुणकेश्वरच्या रस्त्यावरचे एक होमस्टेवाले दादा हजर. "तात्या, काल रात्री दोन जर्मन इले. घोवबायल. आता काय करूचा?"

त्यांच्याकडे आलेले हे पहिलेच परदेशी. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. हॉटेल असो, धर्मशाळा असो, होमस्टे असो, नाहीतर कुणाचं राहतं घर असो. आपल्या जिल्ह्यात ही नोंद ओरोसला पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत पोचते, कारण परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम त्यांच्याकडे आहे. १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी बाजारात या नोंदीला सगळे अजून 'सी फॉर्म'च म्हणतात.

पासपोर्टचे आणि ई-व्हिसाचे फोटो दादांनी मोबाइलवर आणले होते. भरता भरता ते म्हणाले, "ती बायल म्हणता, माका सोलकढी नि आंबोळी शिकव. शिकवू काय?"

शिकवा. भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसावर फिरणं, नातेवाईक-मित्रांना भेटणं, थोड्या दिवसांचं योगशिबिर हे तर चालतंच. स्थानिक भाषा, संगीत, नाच, हस्तकला, स्वयंपाक असलं काही शिकलेलंही चालतं. अट एवढीच की ते रीतसर अभ्यासक्रमासारखं नसावं, सहा महिन्यांच्या वर जाऊ नये आणि शेवटी पदवी-पदविकेचं प्रमाणपत्र हातात पडू नये. आंबोळीचं प्रमाणपत्र दादा देणार नव्हतेच.

मग त्यांनी खरा प्रश्न काढला. आंबे उतरायला माणसं मिळत नाहीत. ही दोघं म्हणतात आम्ही पंधरा दिवस बागेत मदत करतो, तुम्ही खोलीचं भाडं घेऊ नका. दोघांचंही भलं.

इथं मी हात थांबवला. ई-टुरिस्ट व्हिसावर स्वयंसेवा चालते, महिनाभरापर्यंत. पण त्या ओळीत पुढे लिहिलंय की तिच्या बदल्यात पैसे किंवा कुठल्याही प्रकारचा मोबदला नसावा. मजकूर सरळ वाचला तर फुकट खोली आणि दोन वेळचं जेवण हा मोबदलाच. हौसेनं दोन आंबे झेल्यात उतरवून फोटो काढला तर कुणी अडवणार नाही. खोलीच्या भाड्यापोटी रोज आठ तास पेट्या भरल्या तर तो मजूर झाला, आणि मजुराचा व्हिसा वेगळा. तारकर्लीला हाच नियम पाण्याखाली लागतो. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला स्कूबाची बुडी मारता येते, पण पैसे घेऊन दुसऱ्याला बुडी मारायला शिकवता येत नाही.

"आणि त्यांच्याकडे उपग्रहावर चालणारा फोन वगैरे नाही ना, तेवढं विचारा," मी म्हटलं. समुद्रात आणि डोंगरात फिरणारे युरोपियन तसली यंत्रं सहज बाळगतात. आपल्याकडे परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे आणि २६/११ नंतर किनाऱ्यावर तर त्याकडे फारच बारीक लक्ष असतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईला पिशवीतल्या तसल्याच छोट्या यंत्रापायी पोलिसांकडे जावं लागलं होतं.

सकाळी १०

काकी आल्या. नऊवारी नीट चापून नेसलेली, हातात पासपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक आणि कशाला तरी लागेल म्हणून रेशन कार्ड. जावयानं पाठवलेलं पत्र मोबाइलमध्ये.

अमेरिकेचा डीएस-१६० हा फॉर्म भरायला तासभर लागतो. आईवडिलांची नावं, आधीचे प्रवास, नातेवाईक कुठे कुठे, आणि गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खातीसुद्धा; ही २०१९ पासून विचारतात. काकींचं फेसबुक नातवानं उघडून दिलेलं. त्यावर गणपतीचे फोटो आणि दिर्बादेवीच्या जत्रेचा एक व्हिडिओ.

"काकी, थय जावन काय करतलास?"

"काय करतलंय? चेडवाचा बाळातपण आसा. बाळाक न्हाऊ घालूचा, तिका शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, दोन वेळचा जेवान. आनी काय करूचा?"

"आणि त्याचे पैसे?"

काकी चिडल्याच. "कसले पैशे? पोटच्या चेडवाकडसून मी पैशे घेव?"

कायद्याला जे उत्तर हवं होतं ते काकींनी रागाच्या भरात अचूक दिलं. बी-२ हा पर्यटनाचा व्हिसा. फिरणं, नातेवाइकांची भेट, औषधोपचार, हौशी स्पर्धेत बिनपैशाचा भाग, पदवीशी संबंध नसलेला छोटा हौसेचा वर्ग, हे त्यात बसतं. नोकरी, पदवीचं शिक्षण, मानधन घेऊन कार्यक्रम, पत्रकारिता बसत नाही. बाळंतिणीच्या घरात काकी पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबणार, पण त्या राबण्याला मजुरी नाही, म्हणून ती भेट. हेच काम शेजारच्या घरी, तासाला अमुक डॉलर घेऊन केलं तर ती नोकरी. ब्रिटननं तर हे आपल्या अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत लिहूनच ठेवलंय: नातेवाईक मूल सांभाळायला आला तर चालेल, मात्र भेट थोड्या काळाची हवी आणि तो पगारी दाई असता कामा नये.

जावयाच्या पत्रात एक वाक्य होतं: सासूबाई आल्या की बायको लवकर कामावर रुजू होईल, पाळणाघराचा खर्च वाचेल. जावई हिशेबी आणि प्रामाणिक. पण या वाक्यानं भेटीची नोकरी होते. अधिकाऱ्याला वाटतं, पाळणाघराच्या जागी माणूस आणतायत. मी जावयाला फोन करून एकच विचारलं: काकी बाळंतपणाला येतायत की वर्षभर मूल सांभाळायला? "बाळंतपणालाच. सहा महिन्यांच्या आत परत," तो म्हणाला. मग तेच लिहा. जे खरं नाही ते लिहून देण्याचं काम मी घेत नाही. त्यात साधुत्व काही नाही. अमेरिकेत खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचं ठरलं तर जन्मभर दार बंद होऊ शकतं, ब्रिटनमध्ये दहा वर्षं. आणि पासपोर्ट काकींचा असतो, फॉर्म भरणाऱ्याचा नाही.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. अमेरिकेचा कायदा असं धरूनच चालतो की येणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायला येतोय. नाही म्हणून पटवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर. काकींना मी पाठांतर देत नाही. एवढंच सांगितलं, "मागे काय काय आसा ता सांगा." त्या म्हणाल्या, घर आहे, घोव आहे, दोन म्हशी आहेत आणि चतुर्थीला परत यायलाच हवं. चतुर्थी हे परत येण्याचं कारण मुंबईतल्या अधिकाऱ्यांना आता चांगलं ठाऊक असावं.

सकाळी ११.३०

दुपारच्या आतला सगळ्यात जड तास. आयटीआयचा एक मुलगा, एसी-फ्रीज दुरुस्तीचा ट्रेड केलेला. हातात दुबईचा साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा, मोबाइलवर कुणा एजंटाचे निरोप. माझ्याकडे तो फक्त विमानाचं तिकीट छापायला आला होता.

"कामाक चललंस?"

"होय तात्या. एजंट म्हणता, व्हिजिटवर जा, थय कंपनी व्हिसो बदलून देता."

यातलं अर्धं खरं असतं, म्हणून पोरं फसतात. अमिरातीत व्हिजिटवर आलेल्या माणसाला नोकरी मिळाली आणि कंपनीनं रीतसर परवाना काढला, तर देशातल्या देशात व्हिसा बदलता येतो. पण परवाना आधी, काम नंतर. मधल्या दिवसांत हातात पाना घेतला तर तो बेकायदा. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं दंड वाढवला: परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्याला एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत. दंड मालकाला असला तरी भोगतो कामगार. करार नाही, म्हणून पगार बुडाला तर दाद मागायला कागद नाही. व्हिसा संपला की दिवसाला पन्नास दिरहम दंड चढत जातो. पकडला गेला तर परत पाठवणी.

काम शोधायला जाण्यासाठी अमिरातीनं २०२२ पासून वेगळा व्हिसा काढलाय खरा, पण तो पदवीधर आणि वरच्या कौशल्यांच्या लोकांसाठी. एसी मेकॅनिकला त्यात जागा नाही.

आपल्याकडची चाळणीही त्याला माहीत नव्हती. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो. आखातात नोकरीला जाताना त्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारची मंजुरी लागते, करार ई-मायग्रेट संकेतस्थळावर चढतो, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट ही सगळी वाट टाळत असतो. हा मुलगा दहावी झालेला, त्यामुळे तो शेरा नाही. म्हणजे विमानतळावर त्याला या कागदांपायी थांबवणारंही कुणी नाही. चाळणीतून सुटलेल्यालाच जास्त जपावं लागतं.

"किती दिलंस?"

"अजून काय नाय. सत्तर हजार मागता."

नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. मी ई-मायग्रेटवर त्या एजंटाचं नाव शोधलं. यादीत नव्हतं. मुलाला पडद्यावर दाखवलं. तो गप्प झाला. घरात आई आहे, बहिणीचं लग्न काढलंय, बागेत आंब्याचं पीक यंदा कमी. हे सगळं त्यानं सांगितलं नाही, जामसंड्यात ते सांगावं लागत नाही.

मी एकच काम दिलं: एजंटाकडे कंपनीचं नाव आणि नेमणुकीचं पत्र माग. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय सगळं लिहिलेलं. आलं तर मला दाखव, आपण वकिलातीकडे खात्री करून घेऊ. तिकिटाची प्रिंट मी काढून दिली. ती न देणं माझ्या हातात नाही.

दुपारी १

जेवायची वेळ आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर एक पंखा नि एक संगणक. बागेतला राखणदार दाजू याच वेळी येतो, कारण मालक तेव्हा झोपलेला असतो.

देवगड तालुक्यात सगळ्यात जास्त दिसणारा परदेशी नागरिक कोण, असं विचारलं तर लोक समुद्रावर फिरणारे गोरे सांगतील. खरा आहे तो हा. आंब्याच्या बागा राखायला, फवारणीला, होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळमधून माणसं येतात. मोहोर धरायच्या सुमारास यायचं, बागेतल्या खोपीत संसार मांडायचा आणि आंबा संपला, पाऊस दारात आला की गावी जायचं. याची मुलगी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, बापापेक्षा चांगलं मालवणी बोलते.

त्याला गोरखपूरचं तिकीट हवं होतं, मुंबईहून. तिथून सोनौलीची सीमा, पलीकडे नेपाळची बस. ओळखपत्र म्हणून त्यानं नेपाळी नागरिकत्वाचा कागद पुढे केला.

याला मी कधीच विचारत नाही, इथं काय करतोस आणि पैसे कोण देतं. विचारायची गरज नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमानं दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार-उदीम करण्याची, हिंडण्याफिरण्याची मुभा दिलीय. व्हिसा नाही, कामांची यादी नाही. सकाळी जर्मन जोडप्याला फुकट खोलीच्या बदल्यात जे काम करता येणार नव्हतं, तेच काम हा दाजू पगार घेऊन उघड करतो आणि कायदा त्याच्या बाजूनं असतो. आंबा तोच, झेला तोच. नियम झाडाकडे बघत नाही, दोन सरकारांनी काय ठरवलंय तिकडे बघतो.

दुपारी ३

लंडन जागं झालं. तिथल्या एका मराठी घरातून फोन: गणपतीत आपल्याकडच्या भजनी बुवांना बोलवायचंय, डबलबारीसाठी. बुवा समोरच बसलेले. दिवसा एका बँकेत शिपाई, रात्री पंचक्रोशीत गळ्याचं नाव.

ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर गाणाऱ्याला गाता येतं, एकट्यानं किंवा संचात. अडचण पैशांशी सुरू होते. प्रवास आणि राहण्या-जेवण्याचा वाजवी खर्च घेता येतो, स्पर्धेचं बक्षीस घेता येतं. मानधन घ्यायचं तर ठरावीक मार्गानंच. ३१ जानेवारी २०२४ पासून काही पगारी कामं या साध्या व्हिसातच घेतलीयत: कलावंत, वक्ते, परीक्षक, वकील, खेळाडू वगैरे. पण ती निमंत्रणावरून, निघण्याआधी ठरलेली, अर्जात सांगितलेली, पोचल्यापासून तीस दिवसांच्या आत उरकलेली हवीत; आणि ते काम मायदेशातल्या तुमच्या व्यवसायाचंच हवं. निमंत्रणही कलेच्या क्षेत्रातल्या तिथल्या संस्थेचं लागतं, घरगुती चिठ्ठीवर भागत नाही. बुवांचा व्यवसाय कागदावर शिपायाचा.

"म्हणजे माज्या गळ्याक किंमत नाय?" बुवा हसत म्हणाले.

"गळ्याक आसा. पावतीक नाय."

ठरलं असं: बुवा हौशी म्हणून जाणार, तिकीट आणि राहणं यजमानांकडे, मानधन नाही, आणि अर्जात हे सगळं जसंच्या तसं. तबकात कुणी नोटा टाकल्या तर? बुवांचा हा प्रश्न मला आवडला, पण उत्तर सोपं होतं: तबक फिरवायचंच नाही. धर्मोपदेशकाची गोष्ट थोडी निराळी आहे. परदेशात ज्याचं कामच ते आहे अशा माणसाला ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून प्रवचन करता येतं. पण बुवांना कीर्तनकार बनवून पाठवायला मी तयार नव्हतो, आणि बुवाही नव्हते. अमेरिकेला हाच संच मानधनावर न्यायचा असता तर पी वर्गातला कलावंतांचा व्हिसा लागला असता. तिथं अर्ज आधी बोलावणाऱ्यानं करायचा असतो आणि ते काम वकिलाचं. मी त्यात पडत नाही.

बुवांच्या मागे एक संगणकवाला पोरगा थांबलेला. घरून काम करतो, पुण्याच्या कंपनीचं. बहिणीकडे लंडनला दोन महिने जायचंय आणि सुट्टी शिल्लक नाही. त्याचं काम झटपट झालं. जानेवारी २०२४ च्याच बदलानं ब्रिटननं पाहुण्याला आपल्या मायदेशच्या नोकरीचं काम लॅपटॉपवर करायची मुभा दिली. फक्त येण्याचा मुख्य हेतू ते काम नसावं, आणि तिथल्या कंपनीसाठी काही करू नये. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसात अशी स्वच्छ लिहिलेली मुभा नाही, म्हणून तिकडे जाणाऱ्यांना मी रजा घेऊनच जा म्हणतो.

संध्याकाळी ५

ऊन उतरलं की मुंबईकर आणि अमेरिकाकर बाहेर पडतात. पाऊण चड्डीतले एक गृहस्थ आले. मूळचे इथलेच, आता अमेरिकेचे नागरिक, जवळ ओसीआय कार्ड. शेजारची आंब्याची बाग विकायला निघालीय, ती घ्यायचीय, सातबारा काढून द्या.

सातबारा दिला आणि बसवून सांगितलं. ओसीआयवाल्याला जन्मभर कितीही वेळा येता येतं, राहता येतं, मुंबईत फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, बागायत, फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. परकीय चलनाच्या कायद्याखालचे नियम तसे आहेत. वडिलांची बाग वारसानं मिळाली तर ठेवता येते. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. गृहस्थ रागावले नाहीत, पण दुखावले. स्वतःच्या गावात आपण कोण, हे त्यांना सातबाऱ्याच्या दुकानात कळावं हे बरं नव्हे, पण तलाठ्यापुढे कळण्यापेक्षा बरं.

उठताना त्यांनी विचारलं, परतीच्या बॅगेत दोन डझन हापूस चालेल ना? नाही चालत. अमेरिकेत आपला आंबा २००७ पासून जातो, पण विकिरण केलेला, तपासलेला, व्यापारी खोक्यातून. प्रवाशाच्या बॅगेतला ताजा आंबा तिथं काढून घेतात, आणि लपवला तर दंड. आंब्याची साठं न्या म्हटलं, आणि नेताय ते उतरल्यावर सांगा.

संध्याकाळी ७

निवृत्त शिक्षक जोडपं. मुलगा जर्मनीत, मुलगी लंडनमध्ये. त्यांना मुलाकडे सलग चार महिने राहायचंय. शेंगेन व्हिसावर ते जमत नाही. कुठल्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस मोजायचे. त्यांत २९ देशांत मिळून ९० पेक्षा जास्त दिवस भरता कामा नयेत. पोचल्याचा दिवसही धरायचा आणि निघाल्याचाही. पूर्वी शिक्के चाळून हे मोजत. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन यंत्रात नोंद सुरू झाली. गुरुजींनी आयुष्यभर मुलांना बेरीज शिकवलेली, त्यांनी कालनिर्णयवर पेन्सिलीनं खुणा करत हिशेब स्वतःच मांडला: नव्वदच्या आत जर्मनी, मग लंडन. ब्रिटन त्या २९ देशांत नाही. तिथला सहा महिन्यांपर्यंतचा हिशेब वेगळा. बाईंनी मधेच विचारलं, लंडनला मुलीचं लग्न नोंदवून टाकलं तर? मुलगी तिथली रहिवासी आहे, तिचं ती करू शकते. पण पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या माणसाला तिथं स्वतः लग्न करता येत नाही, त्याला वेगळा व्हिसा आहे. होणारा जावई पुण्याहून जाणार होता. बाईंनी ते डायरीत लिहून घेतलं.

रात्री ८.३०

शटर अर्धं खाली. दिवसभराचे अर्ज पुन्हा वाचतो. तारखा, स्पेलिंग आणि 'प्रवासाचा हेतू' हा रकाना. काकींच्या फॉर्मवर मुलीच्या बाळंतपणासाठी भेट. बुवांच्या अर्जावर हौशी भजन, मानधन नाही. पोराच्या अर्जावर बहिणीची भेट, सोबत नोकरीचं काम. दिवसभर घाम गाळायला निघालेल्या काकी पाहुण्या ठरल्या; दोन तास गाणाऱ्या बुवांनी पाकीट घेतलं असतं तर कामगार ठरले असते. आपल्याकडे पाहुणा म्हणजे ज्याला काम सांगायचं नाही असा माणूस. परदेशच्या कायद्याला पाहुण्यानं राबलेलं चालतं, फक्त तिथल्या कुणाच्या रोजगाराच्या जागेवर त्यानं बसू नये आणि तिथला पगार खिशात घालू नये. एवढं ध्यानात ठेवलं तर निम्मे प्रश्न माझ्याकडे न येताही सुटतील. धंदा बुडेल, पण सुटतील.

दुकान बंद करताना मोबाइल वाजला. दुबईला निघालेल्या मुलाचा निरोप: "तात्या, एजंटाक पत्र मागलंय. म्हणता, कागद सगळे थय गेल्यावर गावतले. पैशे उद्या सकाळी दी म्हणता."

मी शटरच्या कुलपाशी उभा राहूनच उत्तर लिहिलं: "तेका सांग, पैशेय थय गेल्यावर गावतले."